डावा डोळा

सकाळी सात. हौदांच्या खोलीत दिवे मंदच,
पिल्लं बिचकतात म्हणून.
चमचाभर पाणी काचेवर घेते
आणि भिंगाला डोळा लावते.

करंगळीच्या नखाएवढा हॅलिबट,
आरपार दिसणारा, कणा दोऱ्यासारखा मधोमध,
एक डोळा या कुशीला, एक त्या कुशीला.
कण्यावर घडी घातली तर
परावर पर बसेल, डोळ्यावर डोळा.
अजून नाकासमोर पोहतोय बिचारा.

काही आठवड्यांनी याचा डावा डोळा
घर सोडतो.
केसाकेसाने सरकत, कपाळ ओलांडून
उजव्याच्या शेजारी जाऊन बसतो.
तोंड जुन्याच जागी राहतं, म्हणून वाकडं.
मग मासा कुशीवर पडतो तो कायमचा,
खालचं अंग पांढरं, आंधळं,
वरचं चिखलाच्या रंगाचं,
दोन्ही डोळे वर, पाण्याच्या छताकडे.

आमचं काम मोजायचं:
किती डोळे पोचले, किती वाटेत थांबले.
दाइवा आकडा सांगते, मी लिहिते.
शंभरात अकरा थांबलेले. त्यांची बादली वेगळी.

वडील होड्या बांधायचे.
कागद नाही, पट्टी नाही,
डावा डोळा मिटून कण्याच्या लाकडावरून बघायचे, बस्स.
एकाच खोडाचे दोन फाळके,
एक डावीकडे, एक उजवीकडे,
गाठीसमोर गाठ,
म्हणजे पाणी प्यालं तर दोन्ही कुशी सारखंच पितात.
“होडीत डावं-उजवं करायचं नसतं,” म्हणायचे,
आणि रांदीत नि माझ्यात
तेवढंच करायचे.

फेब्रुवारीत एका सकाळी
चेहऱ्याची डावी बाजू उतरली.
नस सुजलीय, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हसा बघू.
अर्धे हसले.
कॉफी कोपऱ्यातून गळते.
डावा डोळा मिटतच नाही,
रात्री मी थेंब घालते, वर पट्टी लावते.
दाढीही मीच करते:
उजवा गाल ते स्वतः पुढे करतात,
डावा मला बोटांनी ताणावा लागतो.
रांदी बर्गनहून फोन करते. बरं वाटतंय का, विचारते.
त्यांचा आवाज तेव्हा दोन्ही बाजूंनी हसतो.

काल एका बाटलीतून
थांबलेल्यांतला एक मेलेला घरी नेला.
डोळा टाळूवर अडकलेला,
ना इकडचा ना तिकडचा.
त्यांनी बाटली खिडकीशी धरली,
सवयीने डावा डोळा मिटायला गेले,
मिटेना.
मग तळहाताने झाकला.

बराच वेळ बघत राहिले.
म्हणाले, “फार जुन्या होड्यांना सुकाणू मागे नसायचं.
उजव्या कुशीला एक वल्हं बांधायचे, एकाच कुशीला.
एवढं जिवापाड सारखं करायचं,
आणि वर हे.”
मी विचारलं, का?
“मग जाणार कुठे ती?”
आणि कॉफी मागितली. पुसायला रुमालही.

आज सकाळी सात.
भिंगाखाली एक, जिवंत,
डोळा बरोबर कपाळाच्या धारेवर.
दाइवानं विचारलं, पोचलेला की थांबलेला?
वहीत रकाने दोनच आहेत.
चाललाय, मी म्हटलं,
आणि काच हलकेच
हौदात बुडवली.