बासष्ट ग्रॅम

गंगावेशीत, दूधकट्ट्याच्या जरा अलीकडं
आण्णांची कढई सकाळी साडेसहाला तापते.
आज मी काटा घेऊन आले,
दवाखान्यातला, तळहाताएवढा, सेलवर चालणारा.
"तोलून काय करणार?" आण्णा म्हणाले,
"हाताला कळतंय की."

पहिला वडा बासष्ट ग्रॅम.
दुसरा बासष्ट.
तिसरा एकसष्ट.
तो काट्याचा दोष, आण्णा म्हणाले.

मग तेल मोजलं.
घाण्याआधी कढईत किती, चाळीस वड्यांनंतर किती,
झाऱ्यावरनं ओघळलेलं वेगळं.
भागाकार वहीच्या समासात:
एका वड्याला साडेआठ ग्रॅम.
बटाट्याचं पिष्ट, बेसनाची प्रथिनं,
आलं-लसूण-मिरचीच्या नावानं
रकान्यात भरण्याइतकं काही निघेना.
सोड्यापुढं "चिमूट" लिहिलेलं खोडलं,
आणि थोड्या वेळानं
परत चिमूटच लिहिलं.

तेवढ्यात रंकाळ्याची फेरी आटपून
रेडेकर मास्तर आले.
गेल्या गुरुवारी माझ्यासमोर बसलेले,
जेवणानंतरची साखर दोनशे चाळीस.
मीच लिहून दिलं होतं, खाली दोन रेघा मारून:
तळलेलं बंद.
मला बघताच पुडी दोन्ही हातांनी झाकली,
पोरं परीक्षेत पेपर झाकतात तशी.
"सुनंसाठी नेतोय."
सून पुण्याला असते,
म्हशींनासुद्धा माहीत असेल इथल्या.

काय बोलावं कळेना. मी वहीत बघत राहिले.
आण्णांनी पुडी काढून घेतली,
ताजा एक वडा मोडला,
अर्धा मास्तरांना, अर्धा माझ्या काट्यावर.
कटाची वाटी लांब सरकवली.
"एकतीस," म्हणाले. "लिव्ह."

मास्तरांनी तो अर्धा अकरा घासांत खाल्ला.
मोजायची सवय, मोजले.
मिरचीचा तुकडा शेवटाला राखून ठेवला होता,
तो दाढेखाली धरून उभे राहिले उगीच,
दूध घेऊन जाणाऱ्या बायकांकडं बघत.
मग खिसा चाचपला.
"अर्ध्याचं किती?"
"अर्ध्याला भाव न्हाई, मास्तर.
चालत जावा. रिक्षा नको."

गेले. चप्पल जरा घासत, पण चालत.
वहीत त्यांच्या नावापुढं
काय लिहायचं ते ठरेना.

माझा अर्धा अजून काट्यावरच.
वाफ निघत होती त्यातनं.
एकतीस.
एकतीस.
तीस.

"खा की," आण्णा म्हणाले
पुढचा घाणा सोडताना, माझ्याकडं न बघता.
"निवंल."