एकेचाळिसावं मिनिट

तिकिटं मीच फाडते, प्रोजेक्टरही मीच लावते
पेल्लोच्या या थिएटरात.
खुर्च्या साठ, माणसं आज नऊ,
बाहेर उणे एकतीस.

सिनेमा म्हणे सापडलेला.
चार पोरं दलदलीपलीकडच्या
लाकूडतोड्यांच्या ओसाड तळावर गेली,
परत आला तो फक्त कॅमेरा.
सुरुवातीच्या पाटीवर तसं लिहिलंय.
त्या चारातले दोघे आत्ता
तिसऱ्या रांगेत पॉपकॉर्न खातायत.
वेस्सा तर माझ्या मावसबहिणीचा मुलगा.

आधी भांडण उरकून घेते.
बॅटरी, वेस्सा. तीन रात्री चालली तुझी बॅटरी?
या थंडीत माझ्या फोनचा जीव
अकरा मिनिटांत जातो,
काखेत धरला तरी.
मग ते पळणं: झाडं, बूट, आभाळ, बूट.
पोटात ढवळतं, भीती नाही वाटत.
ऑइव्हा आजोबांनी पहिल्याच पळापळीत डोळे मिटले
ते दिवे लागेपर्यंत.
आणि बडबड! जंगलात हरवलेली माणसं
एकमेकांची नावं इतक्यांदा घेत नाहीत रे.
माझ्या माहितीतली तरी गप्प होतात
आणि बुटांकडे बघत राहतात.

बाकी एक प्रश्न तर शेंबडं पोरही विचारेल:
अरे, कॅमेरा टाक आणि पळ ना.

पण एकेचाळिसावं मिनिट.

कॅमेरा बर्फात पडतो, आडवा.
अर्धी चौकट पांढरी, अर्धी काळी,
मध्ये पाइनची एक वाकलेली फांदी.
कुणी उचलत नाही.
एक मिनिट. दीड.
संगीत नाही, कारण पैसे नव्हते,
आणि बरं झालं पैसे नव्हते.
फांदीवरचा बर्फ घसरतो. एवढंच.
मग हलकी झालेली फांदी वर उठते,
जणू तिच्यावर बसलेलं कुणी
आत्ताच खाली उतरलं.

नऊच्या नऊ तोंडं चघळायची थांबतात.
चारदा लावला मी हा सिनेमा,
चारही वेळा माझा हात
मागच्या दाराची कडी चाचपून आला.

तिथेच संपवायचा होता, पोरांनो.
झाकली मूठ सव्वा लाखाची,
तुम्ही ती उघडून दाखवलीत:
रेनडिअरचं कातडं पांघरलेला, लांब हातांचा तो,
आणि त्याच्या हातमोज्याची शिवण.
ती शिवण मी ओळखते.
सिर्काच्या दुकानातली, सवलतीच्या टोपलीतली.

सगळे गेल्यावर
खुर्च्यांखालचे कागद गोळा करताना
मी त्या शेंबड्या प्रश्नाशी अडते.

आमच्या सौनाच्या माळ्यावर
भूर्जाच्या वाळल्या जुड्यांखाली
मला एक कॅसेट सापडली होती.
एकोणनव्वदचा मे. नदीचा बर्फ फुटतोय.
लाद्या एकमेकींच्या अंगावर चढतात,
काठावर आई, तिच्या कडेवर मी, लाल टोपीत.
स्वीडनच्या बाजूची एक लादी, खोलीएवढी,
वळते, आणि सरळ आमच्याकडे.
आई ओरडते. मला घेऊन चौकटीबाहेर पळते.
चित्र हलत नाही.
लादी येते, मोठी होते, काठ खरवडते,
आणि कॅमेऱ्यामागे फक्त श्वास,
मग एक खोकला.

वडिलांचा तेवढाच आवाज माझ्यापाशी उरलाय.
ते तेव्हा नाही गेले, पुष्कळ नंतर,
अंथरुणात, पायात मोजे घालून.
पण चौकटीत ते कुठेच नाहीत,
काढणारा नसतोच कधी.

आईने विचारलं होतं म्हणे त्या संध्याकाळी,
टाकला का नाहीस तो डबा?
तर म्हणाले,
त्यातून बघताना नदी लांब वाटत होती.

तेव्हा वेस्सा, बॅटरीचं काहीतरी कर.
कॅमेरा न टाकण्याचं राहू दे, ते खरं आहे.
उद्या साडेसहाचा खेळ.
तो हातमोजा तेवढा
कापता येतो का बघ.