वेगळी बादली

माळेगावच्या बाजारातून आणली तेव्हा
बरी होती. आठव्या दिवशी
भिजवलेला हरभरा तोंडातून खाली सांडला.
जबड्याखाली गाठ, लिंबाएवढी,
दोन्ही नाकपुड्यांतून पिवळं.

"स्ट्रँगल्स," डॉक्टर कंधारकर म्हणाले,
"गळा आवळतो. बादली वेगळी, लगाम वेगळा,
अन् त्या दुसरीला
हिचा श्वाससुद्धा लागू देऊ नको."

कय्यूमनं तिला पार बाभळीकडं नेऊन बांधलं.
गोठ्यातून जुनी घोडी हाक द्यायची;
ही मान उचलायची, आवाज निघायचा नाही,
नुसती घरघर,
आठ दिवसांनी नळ येताना होते तशी.

जिंतूरहून नवरदेवाच्या मामाचा फोन:
पांढरीच आहे ना?
"पांढरीच हाय. पण दोन्ही येणार नाहीत."
विसार परत केला,
वर दोन शिव्या ऐकल्या.

बाराव्या रात्री गाठ फुटली.
कोमट पाण्यानं त्यानं जखम धुतली,
फडकी जाळली,
कोपरापर्यंत हात घासले साबणानं
आणि थांबला अंधारात, लांबच.

कडबा मोडल्याचा आवाज.
एकदा.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग पुन्हा.