एन म्हणजे काय

वरच्या खोलीत राहायला आला तो लिलाँग्वेहून.
नाव म्फात्सो. अर्थ विचारला तर म्हणाला, भेट,
ज्याचे पैसे पडत नाहीत ते.
समोरच्या लोमटेबाईंनी त्याच दिवशी त्याचा मोफत केला.
समजावून सांगितलं तर हसला,
बरोबरच आहे की.
भाडं मात्र पाच तारखेच्या आत देतो.

पहिल्या आठवड्यात तो हरवला नाही.
सिडकोत न हरवलेला पाहुणा मी तरी पाहिलेला नव्हता.
एन-पाचनंतर एन-सहा येईल म्हणून चालत सुटलेली माझी नणंद
दिवेलागणीला टीव्ही सेंटरवर सापडली, रडकुंडीला आलेली.
मोफत म्हणाला, आमच्याकडं एरिया असतात.
अठराला लागून एकोणपन्नास.
आकडे म्हणजे पत्ते नाहीत, मावशी,
आकडे म्हणजे जन्मतारखा. जो आधी बांधला, तो थोरला.

मग त्यानं विचारलं,
एन म्हणजे काय?

सव्वीस वर्षं मी त्याच ऑफिसात ट्रेसर.
सगळे एन माझ्या हाताखालून गेले,
शून्य दोनच्या निबेनं, श्वास धरून,
कारण कापडावर घामाचा थेंब पडला
की अख्खी गल्ली फुगते.
रो-हाउस, नाला, बाग,
शाळेसाठी राखीव, दवाखान्यासाठी राखीव
(त्यातल्या एका राखीववर आता मंगल कार्यालय आहे,
माझ्या पुतणीचं लग्न तिथंच लागलं).
पण एन म्हणजे काय, हे मला कुणी सांगितलं नाही
आणि मी विचारलं नाही.
नवीन? नगर?
की नुसताच न,
नन्नाच्या पाढ्यातला?

आठव्या दिवशी पाणी आलं, पहाटे चारला.
टाकी भरेपर्यंत गच्चीवर बसून
त्यानं विटेच्या तुकड्यानं राजधानी काढली.
ही नदी. अलीकडं जुना बाजार, एरिया दोन,
तिथं गुजराती दुकानदार, हळदीचा वास.
पलीकडं सरकारची टेकडी.
मध्ये जंगल राखलंय, त्यात तरसं.
रात्री फायली झोपल्या की तरसं बोलतात.
सत्तेचाळीसच्या कडेला हात थांबला.
तिथं नुसत्या तिरक्या रेघा ओढल्या.
हे काय रे?
म्तांदिरे. नकाशात नसतं.
आई इथं राहते.

त्या रेघा मी ओळखल्या.
मुकुंदवाडीकडची वस्ती आली की सावरगावकर साहेब म्हणायचे,
घरं नका दाखवू, हॅच मारा.
पंचेचाळीस अंश, दोन मिलिमीटरचं अंतर.
त्यातल्या कुठल्यातरी रेघेखाली माझं माहेर होतं,
दावणीचा खुंटा, भावाचं पंक्चरचं दुकान.
मी मारला हॅच.
सुबक मारला.
साहेबांनी पोरांना बोलावून दाखवला.

आणखी एक रेघ होती, तुटक, निळी, हर्सूलकडून येणारी.
शेरा: जुनी नहर, जमिनीखाली, अंदाजे.
कुणाची, तेही विचारलं नव्हतं.
मोफत विद्यापीठात वाचून आला होता:
चारशे वर्षांपूर्वी तुमचं शहर वसवणारा वजीर
हबशी होता, मावशी. आमच्या बाजूचा.
बाजूचा म्हणजे किती जवळचा?
तसा लांबचा. मध्ये दोन-तीन देश.
पण तुम्ही सगळे मला नुसता आफ्रिकेचा म्हणता ना,
मग एवढं चालवून घ्या.

तेवढ्यात टाकी वाहायला लागली.
पाणी टेकडी चढलं, जुन्या बाजारात शिरलं,
तरसं वाहून गेली.
मोटार, मोटार, म्हणत मी ओरडले.
तो जिन्याकडं धावला.
मी बघितलं, धावतानासुद्धा
त्यानं त्या तिरक्या रेघांवर पाय दिला नाही,
लांब ढांग टाकली.

मोटार बंद झाली.
आता आठ दिवस.