तासाच्या आत

तीन दिवसांचं पथ्य, मग घरूनच आणायचं,
तासाच्या आत, अंगाच्या उबेत.
डिकीत नको, फ्रिजमध्ये नको,
बर्फाच्या पेटीजवळ तर नकोच नको –
हे फोनवर सांगितलं तेव्हा
पलीकडे बराच वेळ नुसता वारा.
मग बाईचा आवाज: सांगते त्यांना.

सुगंधा रोहिलकर, वेलदूर.
तिची फाईल आमच्याकडे सात वर्षं आहे.
दुसऱ्या दिवसाचं रक्त, एकविसाव्या दिवसाचं रक्त,
थायरॉइड, साखर, पुन्हा थायरॉइड.
चिपळूणला नळ्यांत रंग सोडून काढलेला फोटो:
दोन्ही बाजू मोकळ्या.
तो फोटो उजेडाला धरून ती एकदा म्हणाली होती,
खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आला
तर यांना कुणी सांगावं लागत नाही,
काठीनं पाणी मोजतात नि मग होडी घालतात.
माझ्यात किती जणांनी काठी घातली बघ.
मी सुईचं टोपण काढलं.
मूठ आवळ, म्हटलं.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते,
इथल्या शेंबड्या पोरालाही येतं हे.
भांग कधी, उधाण कधी, हरेश्वरला तोंडपाठ.
तिचा एकविसावा दिवस मात्र
कॅलेंडरवर, डिझेलच्या हिशेबाखाली,
पेन्सिलीनं. पुसता यावा असा.

आज तो आला.
साडेनवाची फेरी, धोपाव्याहून.
बोटीत दोन टेम्पो, शाळेच्या बाई, ओळखीचे पाच जण,
प्रत्येकानं विचारलं, कुठं?
तो म्हणे, दाभोळला.
(ही फेरी दुसरीकडे जातच नाही.)
बनियनच्या आत, डाव्या काखेत दाबलेली,
वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली.
त्या हातानं त्यानं रेलिंगही धरलं नाही.

काउंटरवर ठेवली तेव्हा
कोंबडीखालून काढलेल्या अंड्यासारखी गरम होती.
'ताय, फेरी चुकली आसती तर वाया गेलं आसतं काय?'
मी वेळ लिहिली. नऊ एकोणपन्नास.
वय अडतीस. व्यवसाय मासेमारी.
भर जानेवारीत त्याच्या कपाळावर घाम.

अर्धा तास थांबावं लागतं,
घट्ट असतं ते पातळ होईपर्यंत.
तो पायरीवर बसला, आमच्या मांजराशीही बोलला नाही.

मग काच. भिंगाखाली चौकोनात चौकोन.
अब्बा बंदरावर लिलावाच्या पाट्या मोजायचे,
दोन पाट्यांच्या मधे पडलेल्या मासळीवरून
माणसं एकमेकांच्या अंगावर जायची.
इथे नियम आहे:
वरच्या नि डाव्या रेघेवरचे मोजायचे,
खालच्या नि उजव्या रेघेवरचे सोडायचे.
पुढे जाणारे.
जागच्या जागी शेपूट हलवणारे.
पडून असलेले.

याच कपाटात माझी फाईल होती,
नफीसा, आणि पुढे निकाहनंतरचं आडनाव.
जाड होत गेली, मग एक दिवस मी ती घरी नेली.
त्याची फाईल कधी उघडलीच नाही.
मर्दाचं काय तपासायचं, असं
घरात कुणी म्हणालंसुद्धा नाही,
इतकं ते ठरलेलं होतं.
मी तेव्हाही रोज सकाळी हेच भिंग पुसत होते.

दोनदा मोजलं.
आकडे जुळेनात, म्हणून तिसऱ्यांदा.

आकडा मी सांगायचा नसतो, डॉक्टर सांगतात.
दारात उभा राहून त्यानं विचारलं,
'हायत का पन?'
आहेत, म्हटलं.
किती, कसे, पुरेसे का –
ते कागदावर, संध्याकाळी, सहीनंतर.

तो मान हलवून उतार उतरला, जेटीकडे.
अकराची फेरी भोंगा देत होती.
डावा हात त्याचा
अजून तसाच
अंगाशी दाबलेला.