उशिराचे कारण

टक्.
एकदाच. मग काही नाही.
पहाटेचे पावणेपाच, मजासवाडीचा चढ,
मागे दीडशे पाकिटं पोहे, त्यांची वाफ काचेवर,
आणि ईको माझ्याकडे बघतेय
उधारी मागितल्यावर बघतात तशी.

पुन्हा चावी. टक्.
दिवे लख्ख. हॉर्न असा
की तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी आईवरून बोललं.
वायपर कोरड्या काचेवर करकरत फिरले.
सगळं चालू. गाडी तेवढी बंद.

तारामती म्हणाली, बॅटरी.
मी म्हणाले, दिवाळीत नवी टाकली, हप्ता अजून चालू आहे.
ती म्हणाली, मग नजर.
लिंबू-मिरची आरशालाच टांगलेली होती,
तिला विचारून उपयोग नव्हता.

ईकोचं इंजिन सीटखाली.
म्हणजे आधी चटणीची बरणी उतरवा, चमच्यांचा डबा, चिल्लरची पिशवी,
मग सीट उचला.
टर्मिनलवर पांढरा-हिरवा भुरा फुललेला.
चहाच्या आधणातलं दोन पेले पाणी ओतलं,
फसफसलं, वाहून गेलं.
टक्.
स्टार्टरला बत्त्याने दोन ठोके घातले, बेताचे,
ठसका लागलेल्या पोराच्या पाठीत घालावेत तसे.
टक्.

हळदणकर बनियनवरच खाली आले.
तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजात, रात्रपाळी,
नंबर जोडायला लोखंड लोखंडावर आपटायचं तेव्हापासून.
त्यांचे कान तिथेच राहिले, असं बायको म्हणते,
हाक मारली तर ऐकू येत नाही.

"एकच वाजता, की खूप?"
एकच.
"मग बॅटरी नाय गो. ती संपली की दातासारखी कडकडता.
एकच वाजता म्हणजे इलेलो माणूस दारात उभो आसा.
कडी वाजवल्यान.
आतलो कोण उठना नाय."

टॉर्च तोंडात धरून वाकले.
बॅटरीच्या काळ्या टोकापासून निघालेली जाड केबल
चाचपत चाचपत खाली गेले, पत्र्यापर्यंत,
तिथे एक बोल्ट, गंजून तिखटाच्या रंगाचा.
हलवला. हलला.
टॉर्च काढून म्हणाले,
"अर्थ सुटलो हा."

तारामतीने विचारलं, कशाचा?

"सगळ्याचो. गेलेल्या करंटाक परत येवक वाट नाय."
मग दिवे कसे लागतात?
"दिव्याक कितीसो लागता? थोडक्यात भागता.
ओझा उचलूचा झाला की कळता."

कढईचाच तारेचा घासा घेतला.
बोल्ट घासला, पत्रा घासला, मूळचा रंग दिसेपर्यंत.
बारा नंबरचा पाना. एक आटा, दुसरा.
"बस. जास्त पिळलास तर तुटात."

सीट अजून उघडीच होती,
मी अर्धी उभी राहून चावी फिरवली
आणि गाडी अशी धडधडून उठली
की आरशातली मिरची नाचली, चमचे डब्यात वाजले,
तिसऱ्या मजल्याने पुन्हा आईची आठवण काढली.

किती द्यायचे, विचारलं.
त्यांनी एक पाकीट घेतलं, उघडून पाहिलं.
"लिंबाची फोड नाय?"
दीडशेतल्या एकातही नव्हती.

जाताना जिन्यावर थांबले.
रात्री तीननंतर सगळं थंड व्हायचं म्हणाले,
मग एखादीच टक्, लांबच्या रॅकवर.
"कोणीतरी अर्धो नंबर फिरवून ठेवून दिल्यान.
आमका ऐकाक येय."
वरून बायकोने हाक मारली. ते तसेच उभे.

सीप्झच्या गेटवर सहा वाजून पाच.
रात्रपाळीवाले सुटून चाललेले, काही जण उपाशी.
सिक्युरिटीने रजिस्टर पुढ्यात ओढलं,
उशिराचं कारण?
अर्थ सुटला होता, मी म्हणाले.

मला वाटलं, तो काहीतरी विचारेल.
त्याने मान वर न करता
रकान्यात नीट अक्षरात लिहिलं: अर्थ सुटला.
आणि पेन माझ्याकडे केलं.
मी खाली सही केली.