येर

कापूस वेचायच्या दिवसांत
अर्ध्या वर्षात आली जैतू कुळमेथे,
पहाडावरची.
ढवस सरांनी माझ्याच बाकावर बसवली.
बोलेचना काही. अक्षर मात्र
सरकीवाणी टपोरं.

निबंध होता, आमच्या गावची बोडी.
मी सवयीनं वाकून पाह्यलं तिच्या वहीत
अन् जसंच्या तसं उतरवलं :
"उन्हाळ्यात बोडीतलं येर आटते.
मंग म्हशी चिखलातच बसतात."

वह्या तपासता तपासता सर थांबले.
"येर म्हंजे काय रे?"
मला काय माहीत!
सारा वर्ग हसला. मी उभा, कान तापलेले.
तिनं वही पोटाशी धरली घट्ट.

मग बाकावरून कुणीतरी
"पाणी," म्हणालं.
तिचा आवाज आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो.
"आमच्यात येर म्हणतात."

सरांचा लाल पेन
बराच वेळ उघडाच राहिला त्या ओळीवर,
मग त्यांनी टोपण लावलं.
मला शून्य मिळालं, नकलेचं.
बरोबरच होतं ते.

दुपारी हापशीवर
सगळ्यात जोरात हसलेला गजू
ओंजळ धरून ओरडला,
"ए जैतू, येर हापस ना!"

तिनं हापसलं.
पण पहिली ओंजळ माझी.